आधी वही उघडा: ईमान आणि करिअर एकत्र सांभाळताना

दर वर्षी परीक्षा आणि मुलाखतींचा हंगाम आला की मला ओळखीपाळखीतून दोन-चार फोन येतात. आवाज वेगळे असतात, प्रश्न तोच. "आपा, नमाज-रोजे सांभाळून खरंच काही मोठं करता येतं का?" विचारणारी मुलं हुशार असतात, मेहनती असतात, आणि दोन्हीकडून अपराधी असतात. अभ्यासाला बसलं की नमाज राहिल्याची टोचणी, मुसल्ल्यावर (नमाजेच्या चटईवर) उभं राहिलं की असाइनमेंटची.

मी अकरा वर्षं संगणक क्षेत्रात नोकरी करते आहे. त्यातली शेवटची चार वर्षं मुलाखतीच्या टेबलापलीकडे, म्हणजे माणसं निवडणाऱ्यांच्या बाजूला बसते. मी आलिमा (धर्मशास्त्राची जाणकार) नाही, त्यामुळे फतवा देणं माझं काम नाही. धर्माचा मसला (प्रश्न) निघेल तिथे जाणत्याला विचारा असंच मी सांगेन, फक्त कसं विचारायचं तेही सांगेन. बाकी माझं म्हणणं एकच आहे. ज्याला आपण दीन (धर्म) आणि दुनियेचं भांडण म्हणतो त्यातला मोठा भाग निव्वळ वेळापत्रकाचा असतो. उरलेल्यातला बराचसा आपण तोंड उघडत नाही म्हणून तयार होतो. खरं भांडण शिल्लक राहतं ते थोडं, आणि त्याच्यासाठी ताकद राखून ठेवायची असते.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं लिहा

काहीही बदलायच्या आधी सात दिवस एक वही जवळ ठेवा. ईमान आणि काम जिथे जिथे एकमेकांना धडकलं असं वाटेल तिथे एक ओळ लिहा. "प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत चाललं, असरची नमाज गेली." "ग्रुपमध्ये सगळे हसतील म्हणून वजूला (नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला) उठले नाही." "इंटर्नशिपची जाहिरात आली, कंपनी ऑनलाइन जुगाराची." अशा ओळी. स्वतःला दोष देऊ नका, सुधारायलाही जाऊ नका, नुसतं टिपा.

आठवडा संपला की प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: वेळ, लाज किंवा हद्द. वरच्या तीन ओळी बघा. पहिली वेळेची आहे. दुसरी लाजेची. तिसरी मात्र खरोखर हद्दीची, कारण तिथे प्रश्न वेळापत्रकाचा नाही, कामाच्याच स्वरूपाचा आहे.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एकोणीस ओळी निघाल्या होत्या. त्यात हद्दीच्या दोन. तोवर माझी पक्की समजूत होती की माझं आयुष्य म्हणजे रोजची धर्मपरीक्षा आहे. निघालं काय, तर अकरा वेळा मी घड्याळ बघितलं नव्हतं आणि सहा वेळा मला लाज वाटली होती.

दुसरी पायरी: नमाजेचा हिशेब मांडा

दिवसाच्या पाच नमाजांच्या फर्ज (सक्तीच्या) रकाती (नमाजेच्या फेऱ्या) सतरा. त्यातल्या कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वेळेत येतात त्या बहुतेक जोहर (दुपारची नमाज) आणि असर (तिसऱ्या प्रहराची) यांच्या, मिळून आठ. हिवाळ्यात दिवस लहान झाला की मगरिबही (सूर्यास्तानंतरची) त्यात शिरते. चार रकातींना पाच-सात मिनिटं, वजूला दोन-तीन. म्हणजे दिवसात दोन वेळा दहा-दहा मिनिटं. इतका वेळ आपण कँटीनच्या रांगेत सहज घालवतो. अडचण मिनिटांची नसून ती मिनिटं नेमकी कधी सापडतील याची असते. म्हणून प्रत्येक नमाजेची मुदत नीट समजून घ्या. सूरह निसामध्ये (४:१०३) नमाज ठरल्या वेळेची फर्ज आहे असं म्हटलंय, पण ती ठरलेली वेळ म्हणजे एक क्षण नव्हे, पट्टा असतो.

जोहरचा पट्टा चांगला ऐसपैस आहे. सूर्य माथ्यावरून कलला की सुरू होतो आणि असरपर्यंत चालतो. असर कधी लागते यावर मतभेद आहे. शाफई, मालिकी आणि हंबली या मसलकांनुसार (धर्मशास्त्राच्या परंपरांनुसार) वस्तूची सावली (भरदुपारची मूळ सावली वगळून) वस्तूच्या उंचीएवढी झाली की असर लागते. हनफी मसलकात प्रचलित मत दुप्पट सावलीचं आहे. हा फरक पुस्तकी वाटतो, पण दुपारी तीन ते पाच प्रयोगशाळेत उभ्या असणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तो दिवसाचा सगळा नकाशा बदलतो. आपल्या मसलकाप्रमाणे मोबाइलच्या अॅपमध्ये असरचं सेटिंग केलंय का ते आजच बघा. कित्येकांनी ते कधी उघडूनही पाहिलेलं नसतं.

मगरिबचा पट्टा सर्वांत अरुंद. सूर्य बुडाल्यापासून संधिप्रकाश जाईपर्यंत, ऋतू आणि अक्षांशानुसार कमी-जास्त. संध्याकाळचे क्लास, प्रवास, शिफ्ट बदलणं हे सगळं नेमकं त्याच वेळी येतं. सगळ्यांत आधी हिलाच जागा शोधून ठेवा.

आता एक युक्ती. युक्ती म्हटलं तरी ती फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) ग्रंथांतलीच आहे. हनफी मसलकात हजच्या वेळी अरफात आणि मुजदलिफा इथेच दोन नमाजा खऱ्या अर्थाने एकत्र करतात. मात्र जोहर तिच्या अगदी शेवटी आणि असर लागताच लगेच पढली, तर दोन्ही आपापल्या वेळेत होतात आणि तुम्हाला एकदाच उठावं लागतं. वजू एक, जागा एक, परवानगी एक. लांबलचक परीक्षा, शस्त्रक्रियेची ड्युटी, दिवसभराची स्पर्धा अशा वेळी याने फार सोय होते. बाकीच्या तीन मसलकांत प्रवासात दोन नमाजा जोडायला मुभा आहे. शिवाय सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (पैगंबरांची वचनं आणि आचरण सांगणाऱ्या ग्रंथात) त्यांचे सहकारी इब्ने अब्बास यांची रिवायत (कथन) आहे, की पैगंबरांनी मदिनेत असताना, भीती किंवा पावसाचं कारण नसतानाही नमाजा जोडल्या, उम्मतला (मुस्लिम समाजाला) अडचण होऊ नये म्हणून. तिच्या आधारे काही आलिम निकडीच्या वेळी, सवय न करता, मुक्कामीही परवानगी देतात. तुमचे आलिम काय सांगतात ते परीक्षेच्या महिनाभर आधी विचारून ठेवा. परीक्षेच्या सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला सोयीचंच ऐकू येतं.

वजूचीही एक गोष्ट. बेसिनमध्ये पाय वर करून धुताना कुणी आत आलं की होणारी धांदल सगळ्यांना ठाऊक आहे. घरून वजू करून चामडी मोजे (खुफ्फैन) घातले तर पुढे पाय न धुता त्यांच्यावर ओल्या हाताने मसह करता येतो. मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन. साध्या सुती मोज्यांबद्दल मतभेद आहेत, विचारून घ्या. मला हे कळलं तेव्हा माझी नोकरीची तीन वर्षं ओल्या सलवारीच्या कडांसह गेली होती.

जागा कशी शोधायची? पहिल्याच आठवड्यात इमारत फिरून बघा. रिकामा वर्ग, ग्रंथालयाचा शेवटचा मजला, दुपारी न लागणारी बैठकीची खोली. जिन्याखालची जागा शेवटचा पर्याय, कारण तिथे लपल्यासारखं वाटतं आणि ती भावना हळूहळू नमाजेलाच चिकटते. शक्य असेल तर सरळ विचारा: "रोज दुपारी दहा मिनिटं एक रिकामी खोली मिळेल का?" मी माणसं निवडणाऱ्यांच्या बाजूला बसायला लागले तेव्हा कळलं, की अशा विनंत्या समोरच्याला फार सोप्या वाटतात. त्यात पैसा नाही, कुणाची मंजुरी लागत नाही, आणि हो म्हटल्याचं समाधानही मिळतं.

तिसरी पायरी: जुमा

हे प्रामुख्याने मुलांसाठी, कारण जुमा, म्हणजे शुक्रवारची दुपारची सामूहिक नमाज, प्रौढ पुरुषांवर फर्ज आहे. स्त्रिया, मुसाफिर आणि आजारी यांच्यावर नाही. ही नमाज मागेपुढे ढकलता येत नाही, जमातीशिवाय होत नाही. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीला विषय आणि बॅच निवडता येत असतील तर शुक्रवारची दुपार मोकळी राहील असं बघूनच निवडा. निवडता येत नसेल तर त्या विषयाच्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटा. चार शुक्रवार दांडी मारून पाचव्या शुक्रवारी धर्माचं कारण सांगणारा विद्यार्थी कितीही खरा असला तरी खोटा वाटतो.

सलग तीन जुमे हलगर्जीपणाने सोडले तर दिलावर मोहर लागते, ही हदीस ऐकून घाबरलेली मुलं मला भेटतात. तीत हलगर्जीपणा हा शब्द मुद्द्याचा आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये अडकलेला मुलगा आणि झोपून राहिलेला मुलगा सारखे नव्हेत. अडकलात तर जोहर पढा आणि पुढच्या शुक्रवारची सोय करा. आणि सूरह जुमुआच्या दोन आयती (६२:९-१०) एकत्र वाचा. पहिलीत अजान झाली की खरेदी-विक्री सोडा असं आहे, लगेच दुसरीत नमाज झाली की जमिनीवर पांगा आणि अल्लाहचा फज्ल (कृपा) शोधा असं. आपल्याकडे खुत्ब्यात (जुम्याच्या प्रवचनात) पहिली जितक्या वेळा ऐकू येते तितक्या वेळा दुसरी का येत नाही, हे मला कधी कळलेलं नाही.

चौथी पायरी: रमजानचं नियोजन चार वर्षांचं करा

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. म्हणजे तुमचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असेल तर चारही रमजान साधारण कुठे पडणार हे आजच ठाऊक असतं. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस, २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्यावर. २०३० मध्ये तर दोनदा येईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. असं याआधी १९९७ मध्ये झालं होतं. (चंद्र एखाद्या दिवसाने मागेपुढे करेल, तेवढं धरून चाला.) प्रकल्पाचं सादरीकरण, प्रवेश परीक्षा, इंटर्नशिपची सुरुवात यांतलं जे तुमच्या हातात आहे ते या तारखांपासून दूर न्या. हातात नसेल ते निदान माहीत असू द्या.

महिना सुरू होण्याआधी आठवडाभर चहा-कॉफी कमी करत आणा. पहिल्या तीन रोज्यांतली डोकेदुखी बहुतेकदा भुकेची नसते, कॅफिन तुटल्याची असते. मधुमेह, दमा किंवा रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना आधी भेटा.

दिवसाची मांडणी प्रत्येकाची वेगळी, पण माझा अनुभव असा: जड अभ्यास फजरनंतरच्या (पहाटेच्या नमाजेनंतरच्या) दोन-तीन तासांत, कारण तेव्हा पोटात सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं जेवण) असते आणि जग झोपलेलं असतं. दुपारी यांत्रिक कामं, म्हणजे नोंदी, आकृत्या, ईमेल. असरनंतर शक्य असेल तर अर्धा तास झोप. इफ्तारनंतर नवीन काही शिकायला बसू नका, उजळणी करा. तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) आणि अभ्यास यांची ओढाताण होते तेव्हा बरेच जण झोप कापतात, आणि दहाव्या रोज्यापर्यंत दोन्ही कोसळतं. तरावीह सुन्नत आहे, फर्ज नव्हे; परीक्षेच्या आदल्या रात्री आठ रकाती घरी पढून झोपलेल्या मुलीला मी तरी नावं ठेवणार नाही.

केवळ परीक्षा आहे म्हणून रोजा सोडता येत नाही, असं बहुतेक आलिम सांगतात. आजारी आणि मुसाफिर यांना मात्र कुरआननेच सवलत दिली आहे, नंतर मोजून कजा करायची, म्हणजे राहिलेले रोजे भरून काढायचे (२:१८५), आणि त्याच आयतीत अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे असंही आहे. इथे दोन खेळाडू आठवतात. बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवोन फेब्रुवारी १९९५ मध्ये रोजे ठेवून खेळला आणि त्याच महिन्याचा एनबीएतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने जुलै २०१२ मध्ये ओव्हलवर नाबाद ३११ धावा काढल्या, तेव्हाही रमजान सुरू झाला होता. पण तो प्रवासात होता, त्याने रोजे ठेवले नव्हते आणि घरी गेल्यावर भरून काढेन असं सांगितलं होतं. एकाने कष्ट घेतले, दुसऱ्याने सवलत घेतली. दोघांची धर्मनिष्ठा सगळ्यांना माहीत आहे. सवलत घेणं म्हणजे कमी मुसलमान असणं, हा समज आपल्याकडे इतका खोल आहे की तापाने फणफणलेली मुलं रोजा ठेवून परीक्षेला जातात.

मासिक पाळीत रोजा-नमाज नसते. त्या दिवसांत "तू आज जेवतेस कशी?" असं विचारणाऱ्या वर्गमित्राला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. "आज नाहीये" एवढं पुरे.

आणि ईदची रजा. ईदुल फित्र कोणत्या दिवशी हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर ठरतं, म्हणून रजेच्या अर्जात दोन तारखा लिहा: "यापैकी एक, आदल्या रात्री कळवते." ईदुल अजहा महिन्याच्या दहाव्या दिवशी असते, तिची तारीख दहा दिवस आधी पक्की होते, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. हे फरक मॅनेजरला एकदा समजावले की पुढच्या वर्षी तोच आठवण करतो.

पाचवी पायरी: हद्दीच्या ओळी

आता वहीतल्या त्या दोन-तीन ओळींकडे या. इथे घाई करू नका आणि ढोबळ प्रश्नही विचारू नका.

मला पहिल्यांदा चांगला पगार मिळत होता तो बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. मी एका मुफ्तींना विचारलं, "बँकेचं काम चालतं का?" त्यांनी उलट विचारलं, "कोणतं काम?" मला सांगता येईना. मग मी कंपनीकडून कामाचं सविस्तर वर्णन मागवलं. एक जागा कर्जावरच्या व्याजाची आकारणी आणि करारपत्रं तयार करणाऱ्या विभागात होती, दुसरी लॉगिन आणि सुरक्षेच्या विभागात. सूदबद्दल (व्याजाबद्दल) सहीह मुस्लिममधल्या हदीसेत घेणारा, देणारा, लिहिणारा आणि दोन साक्षीदार असे सगळे एका रांगेत आहेत, म्हणून "लिहिणं" म्हणजे आज नेमकं काय, यावर आलिम बारकाईने बोलतात. त्यांनी मला पहिल्या जागेला स्पष्ट नाही म्हटलं. दुसरीबद्दल म्हणाले की काही आलिम अशा कामाला मुभा देतात, काही पूर्ण संस्थेलाच टाळायला सांगतात, दुसरं मिळत असेल तर ते घे. मी दुसरं शोधलं. सात महिने लागले, आणि ते महिने काही गोड नव्हते हेही सांगून ठेवते.

तेव्हा विचारताना चार गोष्टी कागदावर न्या: रोजचं काम काय, त्यातला आक्षेपार्ह भाग किती आणि तो तुमच्या हातून होतो की दुरून, पर्याय काय आहेत, घरची आर्थिक स्थिती काय. दारू, जुगार, सूद यांचं थेट काम आणि त्या धंद्यातल्या गिऱ्हाइकाला कधीतरी दिलेली दूरची सेवा यांत फरक केला जातो. किती, ते जाणता सांगेल.

क्षेत्र हराम नसतानाही एखादा तुकडा खटकू शकतो, आणि तो तुकडा वेगळा काढता येतो का हे विचारून बघायला हरकत नसते. आमलाच्या संघाची प्रायोजक एक बिअर कंपनी होती. तिचं बोधचिन्ह नसलेला शर्ट घालून तो वर्षानुवर्षं खेळला, पुढे कसोटी संघाचा कर्णधारही झाला. त्याला क्रिकेट सोडावं लागलं नाही.

इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचा व्यापार करत. त्यांच्याबद्दल सांगतात की भागीदाराने दोष असलेलं कापड दोष न सांगता विकलं, तेव्हा त्यांनी त्या मालाची सगळी रक्कम खैरात केली. हलाल-हराम म्हणजे फक्त कंपनीच्या दारावरची पाटी असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. रेझ्युमेमध्ये न केलेला प्रकल्प लिहिणं, मित्राने लिहिलेला कोड आपल्या नावावर खपवणं, ऑफिसच्या वेळेत दुसऱ्याचं काम करणं, यांचाही हिशेब याच वहीत येतो. माझ्या समोर मुलाखतीला आलेल्या, दाढी-टोपीत नेटक्या दिसणाऱ्या एका मुलाने अनुभवाचं दीड वर्ष सरळ वाढवून सांगितलं होतं. मला जास्त दुःख कशाचं झालं असेल ते ओळखा.

इस्तिखाराबद्दल, म्हणजे निर्णयाआधी अल्लाहकडे मार्ग मागण्याबद्दल, थोडं. दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज) आणि ती दुआ, जी जाबिर यांच्या रिवायतीने बुखारी या हदीससंग्रहात आली आहे. स्वप्नात हिरवा दिवा दिसण्याची वाट बघायची नसते. आधी चौकशी करा, जाणत्यांशी सल्लामसलत करा, मग इस्तिखारा करून पाऊल टाका. वाट सोपी होत गेली तर पुढे जा, बंद होत गेली तर आग्रह सोडा.

सहावी पायरी: सांगायचं कधी, कसं

मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत नमाजेचा विषय काढायची गरज नाही. लपवायचीही नाही. माझा सल्ला असा: निवड झाल्याचं पत्र आलं की, रुजू होण्याआधी, बोला. एकच अपवाद आहे. कामाच्या वेळाच अशा असतील की जुमा किंवा रोजे अशक्य होतील, तर ते मुलाखतीच्या शेवटी विचारा. बोलताना कारणं कमी आणि तोडगे जास्त सांगा. ही दोन वाक्यं चालतात:

"दुपारी मला नमाजेसाठी दहा मिनिटं लागतात. त्या वेळी मीटिंग आली तर मी आधी किंवा नंतर पढते, काम अडणार नाही."

"शुक्रवारी दुपारी मी तासभर जुम्याला जातो. तो वेळ त्याच दिवशी संध्याकाळी भरून काढतो."

माफ करा, त्रास देतोय, प्लीज, असं काही नको. माफी मागितली की समोरच्याला वाटतं खरंच काहीतरी चुकीचं मागतोय.

हिजाबवाल्या मुलींना सांगायचं की नाही हा पर्यायच नसतो, तो दिसतोच. देशागणिक कायदे फार वेगळे आहेत, आपल्याकडचा वाचून ठेवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्कार्फमुळे नोकरी नाकारलेल्या एका मुलीच्या बाजूने निकाल दिला, तिने मुलाखतीत सवलत मागितली नव्हती तरीसुद्धा. पण प्रत्येक ठिकाणी असं पाठबळ नसतं, आणि जिथे नसतं तिथे एखादी संधी हातची जाते. ती तुमच्या नमाजेमुळे किंवा स्कार्फमुळे गेली नाही, समोरच्याच्या कोतेपणामुळे गेली, हे स्वतःला नीट सांगा. तलवारबाज इब्तिहाज मुहम्मद २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हिजाब घालून अमेरिकेकडून खेळली आणि सांघिक सेबर प्रकारात कांस्यपदक घेऊन आली. लहानपणी तिच्या घरच्यांनी हा खेळ निवडला, कारण त्यात अंग झाकणारा पोशाखच असतो. हद्द ओळखून क्षेत्र निवडणं म्हणतात ते हेच.

हस्तांदोलनाचं आधी ठरवून ठेवा. करणार नसाल तर हात पुढे येण्याआधीच उजवा हात छातीवर ठेवून हसून सलाम-नमस्कार करा. समोरच्याचा हात हवेत लटकला की अवघडतो तो प्रसंग, धर्म नाही. दारू असलेल्या पार्ट्यांना काहीजण जातच नाहीत, आणि त्याला हदीसेचा आधार आहे. ओळखी वाढवायला मग दुसरी वाट लागते: ज्याच्याशी बोलायचंय त्याला दुपारी पंधरा मिनिटं मागा. गर्दीत शंभर जणांना कार्ड वाटण्यापेक्षा यातून जास्त कामं होतात, हा माझा अनुभव.

पैसा, थोडक्यात

व्याजाचं शैक्षणिक कर्ज घेण्याआधी शिष्यवृत्ती, फीमाफी, सहायक म्हणून काम, आणि समाजातून कर्ज-ए-हसना (बिनव्याजी कर्ज) हे सगळे दरवाजे ठोठावा, कुठे काय उत्तर आलं तेही लिहून ठेवा. मग नाइलाजाचा प्रश्न घेऊन आलिमांकडे जाल तेव्हा हातात आकडे असतील. पहिल्या पगारापासून जकातीची (सक्तीच्या दानाची) तारीख ठरवा: निसाब (साधारण ८५ ग्रॅम सोनं किंवा ५९५ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी बचत) एक चांद्र वर्ष टिकली तर अडीच टक्के. निसाब चांदीने मोजायचा की सोन्याने, तेही विचारा, फरक मोठा पडतो.

सातवी पायरी: घसरल्यावर

घसराल. सबमिशनच्या आठवड्यात फजर जाईल, आणि मग "आता गेलीच आहे तर" म्हणत जोहरही जाईल. नुकसान खरं या दुसऱ्या वाक्याने होतं. एक नमाज गेली तर तिची कजा आहे, दिवस गेलेला नाही. अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तो, जो थोडा असला तरी नेमाने होतो, ही हदीस बुखारी-मुस्लिम दोन्हीत आहे. तेव्हा सत्राच्या सुरुवातीला उत्साहात तहज्जुद (रात्रीची ऐच्छिक नमाज), रोज एक पारा (कुरआनचा तिसावा भाग) आणि दोन ऑनलाइन कोर्स असं डोंगराएवढं ठरवू नका. पाच फर्ज आणि कुरआनचं एक पान. परीक्षेत टिकेल एवढंच ठरवा.

लोक दोन्हीकडून बोलतील. वर्गात "फारच धार्मिक झालीस", घरच्या कार्यात "फार दुनियेच्या मागे लागलीस". एकाच आठवड्यात दोन्ही ऐकलं तर मी ते शुभलक्षण मानते. एखादी मैत्रीण किंवा मित्र असा जोडा की जो असरला तुम्हाला उठवेल आणि परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीखही आठवण करून देईल. दोन वेगळी माणसं असली तरी चालतील.

आणि लाजेच्या त्या सहा ओळी? त्यांच्यावर मला एकच उपाय सापडला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत मी ऑफिसच्या कॅलेंडरवर दुपारी "व्यस्त" असं लिहून ती वीस मिनिटं अडवायचे. मग एक दिवस सरळ "जोहर" असं लिहिलं. आठवडाभर धाकधूक होती. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या टीममधला सहकारी खुर्ची ओढून बसला आणि हळूच म्हणाला, "हा जोहर कोण आहे गं? रोज भेटतेस त्याला. नवीन क्लायंट का?"